भिंगरीचं खोकं आणि परत येण्याची खूण

आधी भांडण करून घेते, खुशाली मागून विचारीन. रुसायचं वय नऊ वर्षांच्या पोरीचं, आणि रुसून बसलीस तू. दोन रविवार झाले, तुझा फोन नाही. का, तर म्हणे पोरगी मध्येच फोन कापते, तिला माझ्याशी बोलायचंच नसतं. हे तू मला सांगितलं नाहीस, तुझ्या दादाला कळवलंस. वर हेही कळवलंस की तिला माझी गरज वाटत नसेल तर तिथल्या इस्पितळाच्या कागदावर आणखी दोन वर्षांच्या नोकरीची सही करून टाकते. दादाने ते मला वाचून दाखवलं, मध्ये मध्ये खोकत. (त्याला खोकला झालेला नाही. लहानपणापासून वाईट बातमी सांगताना तो खोकतो, तुला माहीत आहे.) तू लेकरांच्या वॉर्डात नर्स आहेस. सुई टोचली की दुसऱ्यांची लेकरं तुला बोचकारतात, तुझ्या अंगावर औषध थुंकतात, तेव्हा रुसत नाहीस. स्वतःच्या लेकीने फोन ठेवला तर एवढा मान दुखावला?

झालं माझं. आता रीतीप्रमाणे.

लाडक्या लेकीला आईचे आशीर्वाद, तुझ्या लायकीपेक्षा चार जास्तच. तुझी तब्येत कशी आहे? पाठ दुखते म्हणत होतीस, तर रुग्णाला उचलताना गुडघ्यात वाक, कमरेत नको, हे मी तुला सांगायचं म्हणजे कमालच. इथे मी बरी. गुडघे जिना चढताना बोलतात, उतरताना शिव्या देतात. मशीन चालू आहे, गिऱ्हाईक चालू आहे. पँटची उंची कमी करून द्या म्हणणारे येतात आणि नंतर आखूड झाली म्हणून भांडतात, जसं काही कापड मी खाल्लं. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. दादा म्हणाला, तू सांग, मी लिहितो. मी म्हटलं, तू लिहिलंस की माझं बोलणं इस्त्री करून बाहेर पडेल आणि ते तुझ्या बहिणीला ओळखू येणार नाही. चौथीनंतर मला शाळेने सोडलं की मी शाळेला, यावर अजून एकमत नाही, तेव्हा अक्षर वाकडं दिसलं तर मान वाकडी करून वाच.

तुझ्या भिंगरीचं सगळं सांगायचं आहे, म्हणून पत्र लांबेल. तू फोनवर दर वेळी विचारतेस, शाळा कशी चालली आहे, आणि मी म्हणते, चालली आहे. तर ती कशी चालली होती ते आता ऐक.

तू जायच्या आधीच डॉक्टरांनी ती चार इंग्रजी अक्षरं सांगितली होती. एडीएचडी. तेव्हा मी म्हणाले होते की आमच्या वेळी याला चळ म्हणायचे आणि त्यावर औषध म्हणजे पाठीत एक धपाटा. तू माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस. (रुसायची सवय तुझी तेव्हापासूनची आहे.) असो. तू गेल्यावर डॉक्टरांनी सकाळची गोळी सुरू केली आणि शाळेला द्यायला म्हणून एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. आता शाळेला द्यायची म्हणजे कोणाला? शाळा काही दारात हात पसरून उभी नसते. फाटकात खेळाचे सर भेटले, शिट्टी गळ्यात, चेहरा सज्जन, मी त्यांच्या हातात चिठ्ठी ठेवली आणि घरी येऊन मशीनला बसले. चिठ्ठीत पुष्कळ काही होतं म्हणे, पण खेळाच्या सरांना त्यातलं एवढंच भावलं की मुलीला हालचाल लागते. ते तिला प्रार्थनेनंतर मैदानाला फेऱ्या मारायला लावू लागले. कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. चांगलं काम माणूस गाजावाजा न करता करतो, असं ते नंतर म्हणाले.

तिकडे वर्गाच्या बाईंनी स्वतःच कुठेतरी वाचलं होतं की अशा मुलांना गणिताच्या तासाआधी काहीतरी जड उचलायला द्यावं, म्हणजे अंग शांत होतं आणि मन बसतं. बाई तशी गुणी आहे. तिने एक खोकं घेतलं, त्यात जुनी वर्तमानपत्रं ठासून भरली, सुतळीने बांधलं आणि भिंगरीला सांगितलं की हे ग्रंथालयात पोचव, सर वाट बघताहेत, फार महत्त्वाचं आहे. ग्रंथालयाचे सर कशाचीच वाट बघत नव्हते. त्यांनी सुतळी सोडली तर आत रद्दी. त्यांचं आणि वर्गाच्या बाईंचं फाटलेल्या पुस्तकांवरून आधीच बिनसलेलं, त्यामुळे त्यांना वाटलं की बाई आपल्या ग्रंथालयाला रद्दीचं दुकान म्हणते आहे. त्यांनी खोकं पुन्हा बांधलं (गाठ माझ्यासारखी पक्की मारतात, मी नंतर पाहिली) आणि त्याच पोरीच्या हातात दिलं, जा, ऑफिसात दे. ऑफिसातल्या कारकुनाला वाटलं की वर्गाच्या बाईंचं काहीतरी ग्रंथालयातून परत आलंय. त्याने ते वर्गात धाडलं. कोणाबरोबर, हे विचारू नकोस.

म्हणजे रोज ते खोकं शाळाभर फिरून संध्याकाळी जिथल्या तिथे, आणि त्याच्यासोबत आपली भिंगरी. आणि पोरगी खूश होती ग. घरी येऊन मला सांगायची की आजी, माझ्याशिवाय शाळेचं अडतं. ग्रंथालयातले सर, ऑफिसातले काका, बाई, सगळ्यांना तेच खोकं हवं असतं आणि ते फक्त माझ्याच हातात देतात. मी कौतुकाने ऐकत बसायची. मला कुठे माहीत होतं. उलट मीही हातभार लावला. हालचाल चांगली असं डॉक्टर म्हणाले होते ना, म्हणून मी शाळेची गाडी बंद करून तिला चालवत नेऊ लागले आणि वाटेत गिऱ्हाइकांच्या घरी द्यायचे कपड्यांचे गठ्ठे तिच्या पाठीवर. म्हणजे सकाळी गठ्ठे, मग मैदानाच्या फेऱ्या, मग खोकं. दुपारपर्यंत पोरगी बाकावर डोकं ठेवून गाढ झोपलेली. वर्गाच्या बाई घाबरल्या, गोळीने ग्लानी येते असं त्यांना वाटलं, त्यांनी मला कळवलं, मी डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी गोळी कमी केली. गोळी कमी झाली तशी पोरगी जास्त नाचायला लागली. पोरगी जास्त नाचते म्हणून बाईंनी खोक्यात आणखी वर्तमानपत्रं भरली. एक ना धड, भाराभर चिंध्या. प्रत्येक जण पोरीच्या भल्यासाठी झटत होता आणि कोणी कोणाला एका शब्दाने विचारत नव्हता. बारभाईंचा कारभार, आणि त्यातली एक भाई मी.

मग एक दिवस जिन्यात सुतळी तुटली. त्याच वेळी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, बाहेरच्या चार पाहुण्यांना शाळा दाखवत वर येत होत्या. शाळेची शिस्त दाखवत होत्या म्हणे. वरून वर्तमानपत्रं उडत आली, एक पान पाहुण्यांपैकी सर्वांत जाड्या माणसाच्या तोंडावर चिकटलं. मला हे शिपाईमामांनी सांगितलं, आणि सांगताना ते भिंतीला धरून उभे होते. हसून चाललं असतं तर मीही हसले असते. पण पोरगी पायरीवर बसून पानं गोळा करायला लागली, एकेक उलटून बघायला लागली, आणि तिला कळलं की यात काही नाही. जुन्या बातम्या, चपलांच्या जाहिराती, सोडवून टाकलेली शब्दकोडी. महत्त्वाचं एक अक्षर नाही.

त्यानंतर ती बसली. नुसती बसली. वर्गात बसली, मधल्या सुट्टीत बसली, घरी येऊन मशीनशेजारच्या स्टुलावर बसली. पाय हलत नव्हता. तिला एकदा शांत बसलेली बघायची माझी किती वर्षांची हौस, ती फिटली आणि नको झाली. मी मुद्दाम गुंड्यांचा डबा पालथा केला. एरवी तिने त्या गुंड्यांची फौज मांडली असती. तिने सगळ्या मुकाट्याने डब्यात भरल्या आणि झाकण लावलं. तेव्हा मी गिऱ्हाइकाचा कोट तसाच टाकला, पायात चपला अडकवल्या आणि शाळेत गेले. काय काय बोलले ते लिहीत नाही. शिपाईमामांनी मला पाणी दिलं आणि दुसऱ्यांना खुर्च्या.

तर मग सल्ल्याच्या बाईंनी बैठक लावली. (त्यांच्या हुद्द्याचं खरं नाव मोठं आहे, समुपदेशक. ते म्हणेपर्यंत माझी दातांची कवळी सरकते, म्हणून मी सल्ल्याच्या बाई म्हणते. त्यांना चालतं.) या बाई आठवड्यातून दोनदाच येतात, बाकीचे दिवस दुसऱ्या शाळेत. बैठक नकाशांच्या खोलीत, आणि खुर्च्या पहिलीच्या पोरांच्या. मोठ्या बाई, वर्गाच्या बाई, खेळाचे सर, ग्रंथालयाचे सर, मी, सगळे गुडघे हनुवटीला लावून बसलेले. डॉक्टर फोनवर, तो फोन पृथ्वीच्या गोळ्यावर टेकवून ठेवला होता, त्यामुळे ते बोलले की समुद्रातून आवाज आल्यासारखा यायचा. पहिला अर्धा वेळ कोणाची चूक यात गेला. खेळाच्या सरांनी माझी चिठ्ठी काढली, वर्गाच्या बाईंनी खोकं का दिलं ते सांगितलं, ग्रंथालयाच्या सरांनी तीन वर्षांपूर्वीचं फाटकं पुस्तक काढलं, आणि मी सगळ्यांचं काढलं. सल्ल्याच्या बाई वयाने तुझ्याएवढ्याच, पण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की तुमच्यातलं कोणीच चुकीचं करत नव्हतं, फक्त एकाच मुलीला पाच जण पाच दिशांना बरं करत होते. मला ते पटलं. माझ्या धंद्यात बाही एकीने कापली, कॉलर दुसरीने आणि माप कोणीच घेतलं नाही तर जे शिवून निघतं, तसंच झालं होतं.

मी त्यांना म्हटलं, पोरीचं लक्ष कमी आहे, त्याचं काय ते बघा. त्यावर त्या जे म्हणाल्या ते मी घरी येईपर्यंत घोकत आले, तुला लिहायचं म्हणून. म्हणाल्या, "लक्ष कमी नाही हो आजी. लक्ष सगळीकडे आहे, म्हणून एका जागी पुरत नाही." आणि हे तिने मुद्दाम केलेलं नसतं, आणि धपाट्याने जात नाही. (माझ्याकडे बघून म्हणाल्या. त्यांना कोणी सांगितलं असेल?)

मग ठरलं ते असं. गोळीचं डॉक्टर आणि वर्गाच्या बाई आपापसात बोलून ठरवतील, मध्ये माझा निरोप्या म्हणून उपयोग नाही. फेऱ्या बंद, गठ्ठे बंद, खोकं तर बंदच. उठायला मिळेल, पण खऱ्या कामासाठी. रोज सकाळची हजेरी ऑफिसात पोचवायची, ती खरोखर कोणालातरी लागते. बाक खिडकीजवळचा नाही, बाईंच्या जवळचा. गणितं पानभर नाहीत, चार चार. आणि सगळं नीट चाललंय का हे बघायला एकच माणूस, सल्ल्याच्या बाई. कोणाला काही सुचलं तर आधी त्यांना विचारायचं, आजीनेसुद्धा. हे शेवटचं त्या दोनदा म्हणाल्या.

मग भिंगरीला आत बोलावलं. तिला विचारलं की तुझं मन कुठे बाहेर गेलं तर आम्ही तुला कसं बोलवायचं. मोठ्या बाई म्हणाल्या, नावाने हाक मारू. पोरीने मान हलवली. म्हणाली, नावाने हाक मारली की मला वाटतं मी काहीतरी केलंय. मग तिने स्वतःच दाखवलं. टेबलावर बोटाने दोनदा टकटक करायचं, आणि मग तळवा उघडा करून तिथेच ठेवायचा. काही बोलायचं नाही. ती परत आली की आपला हात त्या तळव्यावर ठेवील. उशीर लागला तरी तळवा उचलायचा नाही. सगळ्यांनी करून पाहिलं. मोठ्या बाईंचा तळवा टेबलावर, खेळाच्या सरांचा परातीएवढा तळवा टेबलावर, आणि ही प्रत्येकाकडे जाऊन हात ठेवून तपासून बघतेय, जसं मी गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा तपासते. डॉक्टरांनी पलीकडे कशावर टकटक केलं कोण जाणे, गोळ्यावरून फोन घसरून पडला. बैठकीच्या शेवटी पोरीने एक गोष्ट विचारली. ती आत्ता लिहीत नाही, दोरा गुंतेल.

खूण चालते, हे सांगायला हवं. दर वेळी नाही. कधी तळवा ठेवून माझा हात बधिर होतो आणि ती खिडकीतल्या मुंगीबरोबर कुठल्या कुठे गेलेली. पण येते. मी तोंड शिवल्यासारखी गप्प बसते, हेच मुळी तुला खरं वाटणार नाही. आता घरात सगळ्यांवरच ती खूण चालते. मी गिऱ्हाइकाशी बोलताना भरकटले की ती माझ्या मशीनवर टकटक करते. (हे पत्र लिहिताना चारदा केलंय.) दादा जेवताना मोबाइल बघत बसला की त्याच्या ताटाशेजारी टकटक. समोरच्यांची मांजर घर सोडून गेली, तर ही पायरीवर टकटक करून तळवा उघडा ठेवून बसली होती. मी म्हटलं, अग, मांजरीला नाही कळत. म्हणाली, तिला कोणी शिकवलं नसेल.

असं सगळं आहे. पोरगी बरी आहे, शाळा ताळ्यावर आहे, मी तर दगड आहे. आमचं तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. तू तुझी नोकरी बघ, सही करायची तर कर, तू काही कुकुलं बाळ नाहीस. जेवण वेळेवर कर.

तुझी आई

ता. क. माझ्यासाठी काही पाठवू नकोस. फार तर काळ्या दोऱ्याचं चांगलं रीळ. इथला दोरा बोटाच्या नखाने तुटतो. तेही कोणाच्या हाती पाठवायची घाई नाही, येशील तेव्हा आण.

दुसरं. फोनचं राहिलं. ते मुद्दाम राखून ठेवलं नव्हतं, मलाच मागच्या रविवारी कळलं. तुझा फोन यायचा तेव्हा तो आम्ही मशीनवर गुंड्यांच्या डब्याला टेकवून ठेवायचो. तू बोलतेस, आणि बोलता बोलता तुझी मान वळते. कोणी पेशंट हाक मारतो, नाहीतर तू घड्याळाकडे बघतेस, नाहीतर नुसतीच कुठेतरी बघतेस. (बघतेस. मी आई आहे, मला शिकवू नकोस.) आणि मग फोन कापला जायचा. मलाही वाटायचं पोरगी कंटाळून कापते. एकदा मी तिच्या हातावर चापट मारली, तर तिने काहीच सांगितलं नाही. मागच्या रविवारी तुझा फोन आला नाही. तरी तिने वेळेवर फोन डब्याला टेकवून ठेवला, आणि बराच वेळ काळ्या काचेसमोर बसून राहिली. मग बोटाने काचेवर दोनदा टकटक केलं आणि सबंध तळवा काचेवर ठेवला. लाल बटण असतं त्याच जागेवर. आणि उचलला नाही.

तर तुझी लेक तुझा फोन कापत नव्हती, बाई. ती तुला बोलवत होती. मी काही रडले नाही. रडायला वेळ लागतो आणि मला त्या दिवशी दोन चेनी बदलून द्यायच्या होत्या. त्यातली एक उलटी बसली, ते वेगळं.

तिसरं आणि शेवटचं. सहामाही परीक्षा झाली की पुढची बैठक आहे, त्याच नकाशांच्या खोलीत, त्याच गुडघेमोड खुर्च्यांवर. दादा म्हणतो की तुला एक महिन्याची रजा मिळू शकते, सही केली तरी आणि नाही केली तरी, फक्त मागावी लागते. त्याला हे कोणी सांगितलं ते विचारू नकोस. तुझ्या इस्पितळाच्या ऑफिसात फोन लावून मीच त्याला विचारायला लावलं, आणि तेव्हा तो एकदाही खोकला नाही. आता पोरीने बैठकीच्या शेवटी काय विचारलं ते. सगळ्यांचे तळवे बघून झाले, तेव्हा ती दारात थांबली आणि म्हणाली, "आणि आईला कोण शिकवणार?" मोठ्या बाई नकाशाकडे बघायला लागल्या. मी पिशवी आवरायला घेतली. तो प्रश्न अजून तिथेच आहे, आणि माझा नाही. तेव्हा दादाकरवी निरोप पाठवायचा नाही, मला पत्र लिहायचं नाही, आणि फोनवर तर सांगायचंच नाही, फोनवर तळवा ठेवला की काय होतं ते तुला आता कळलंय. विचारलंय तिने. उत्तर तू द्यायचंस, तिला द्यायचंस, आणि टेबलाच्या या बाजूला बसून द्यायचंस.